सगळे आवाज एकत्र का संपत नाहीत? प्रबोधनकालीन मिस्सांच्या गायनप्रती करताना पुन्हापुन्हा येणारी अडचण

सोळाव्या शतकातील एखादी मिस्सा (कॅथलिक उपासनेतील किरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आञ्ञुस देई हे पाठ अनेक आवाजांत बांधलेली रचना) मूळ छापील पुस्तिकांवरून आजच्या स्वरलिपीत उतरवताना नवख्या संपादकाला एक अडचण हमखास येते. किरिए बिनबोभाट उतरतो, ग्लोरियाही उतरतो, आणि सांक्तुसमधला त्रिमात्रिक ओसान्ना सुरू झाला की चारांपैकी एक आवाज इतरांच्या आधी किंवा नंतर संपतो. संगणकावर ऐकून पाहिले तर मध्येच कुठेतरी स्वर एकमेकांवर आदळतात. तेथे एखादा विराम वाढवून किंवा स्वर आखडून जुळवणी करावी, तर पुढच्या केडेन्सला, म्हणजे सांगीतिक वाक्य थांबते तेथे, पुन्हा तोच घोळ उभा राहतो. विसंवाद ज्या जागी कानाला टोचतो त्या जागी चूक बहुतेक वेळा नसतेच. ती काही स्वर आधी होऊन गेलेली असते. म्हणून ठिगळ लावण्याआधी मागे जाऊन तिचा माग काढणे आवश्यक आहे.

अडचणीचे मूळ त्या काळच्या लेखनपद्धतीत आहे. चारही आवाज एकाखाली एक मांडलेला स्कोअर गायकांसमोर नसे. छापील संगीत बहुधा प्रत्येक आवाजाच्या स्वतंत्र पुस्तिकेत मिळे, तर मोठ्या आकाराच्या सामाईक गायनपुस्तकात उघडलेल्या डाव्या पानावर सुपेरिउस (सर्वांत वरचा आवाज) आणि तेनोर, उजव्या पानावर आल्तुस आणि बास्सुस असे चार आवाज वेगवेगळे लिहिलेले असत. बारलाइन, म्हणजे तालाचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघा, नव्हत्या. स्वरचिन्हे मोठ्याकडून लहानाकडे अशी: लाँग, ब्रेव्ह, सेमिब्रेव्ह, मिनिम, सेमिमिनिम. शिवाय ब्रेव्हसारख्या एकाच चिन्हाचे मूल्य सुरुवातीच्या कालचिन्हावर (मोजणी दोनची की तीनची हे सांगणारी खूण) आणि शेजारच्या स्वरांवर ठरे, त्यामुळे तोच ब्रेव्ह कधी दोन सेमिब्रेव्हांचा तर कधी तीन सेमिब्रेव्हांचा होई. आजचे सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक चिन्हाला ठरावीक मूल्य देते. (स्टाइनबर्ग कंपनीच्या 'डोरिको' या सॉफ्टवेअरला ज्या वालेरिओ डोरिकोचे नाव दिले आहे, त्याच्याच रोममधील छापखान्यातून १५५४ मध्ये इटालियन रचनाकार पालेस्त्रिनाच्या मिस्सांचे पहिले पुस्तक निघाले, ही जाता जाता सांगण्याजोगी गंमत.)

आधी मोजणी

आवाज जुळत नसतील तर कानावर विसंबण्याऐवजी त्या विभागातील प्रत्येक आवाजाची लांबी सेमिब्रेव्हांत मोजावी. शेवटचा लाँग मोजणीत धरू नये, कारण त्याला नेमके मूल्य नसते. सर्वांनी एकत्र थांबावे एवढाच त्याचा अर्थ असतो. उरलेल्या बेरजांतील फरक किती आहे, यावरून चूक कोणत्या जातीची आहे हे बरेचसे कळते.

त्रिमात्रिक विभागात एखादा आवाज एका सेमिब्रेव्हने लांब भरत असेल, तर दोन सेमिब्रेव्हांचा व्हायला हवा असलेला ब्रेव्ह तीनचा लिहिला गेला आहे असे समजावे. ब्रेव्हनंतर एकटाच सेमिब्रेव्ह आणि मग पुन्हा ब्रेव्ह आला, तर तो एकटा सेमिब्रेव्ह मागच्या ब्रेव्हमधला तिसरा भाग घेतो आणि ब्रेव्ह दोनचा उरतो. ब्रेव्ह, सेमिब्रेव्ह, ब्रेव्ह, सेमिब्रेव्ह अशी ओळ म्हणजे दोन अधिक एक, दोन अधिक एक, एकूण सहा. नवखा संपादक ती तीन, एक, तीन, एक अशी आठ करून बसतो. उलट ब्रेव्हच्या पुढे लगेच दुसरा ब्रेव्ह असेल तर पहिला पूर्ण तीनचाच राहतो, आणि सॉफ्टवेअरच्या सवयीने तो दोनचा लिहिला गेला की आवाज एकाने आखूड होतो.

आवाज एकाने आखूड होण्याचे दुसरे कारण अधिक फसवे आहे. दोन ब्रेव्हांच्या मध्ये नेमके दोन सेमिब्रेव्ह आले आणि त्यांच्यामध्ये ठिपका नसेल, तर पहिला ब्रेव्ह तीनचा राहतो, पहिला सेमिब्रेव्ह एकचा आणि दुसरा दुप्पट होऊन दोनचा होतो. हे दुसऱ्या स्वराचे दुप्पट होणे लिखाणात कुठेही दिसत नाही. ते वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. मध्ये तीन सेमिब्रेव्ह असतील तर सगळे आपापल्या मूल्याचे राहतात. चार असतील तर पहिला मागच्या ब्रेव्हला जाऊन मिळतो आणि उरलेल्या तिघांचा स्वतंत्र गट होतो.

फरक अर्ध्या सेमिब्रेव्हचा, म्हणजे मिनिमचा असेल तर ठिपक्यावर संशय घ्यावा. त्रिमात्रिक लेखनात ठिपका दोन कामे करतो: स्वर दीडपट करणे, किंवा नुसते गट वेगळे करणे. वरच्याच उदाहरणातील दोन सेमिब्रेव्हांच्या मध्ये ठिपका असेल तर तो गट तोडणारा असतो. मग पहिला सेमिब्रेव्ह मागच्या ब्रेव्हला आणि दुसरा पुढच्या ब्रेव्हला जोडला जातो आणि दुप्पट होण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा ठिपक्याला मूल्य वाढवणारा मानले की मिनिमची वाढ तर होतेच, पण पुढचे दोन-तीन गटही सरकतात.

फरक तीन सेमिब्रेव्हांचा भरला तर काळे भरलेले स्वर शोधावेत. पांढऱ्या, पोकळ स्वरांच्या लेखनात मध्येच काळे ब्रेव्ह येतात तेव्हा ते कायम दोनचे असतात. तीन काळे ब्रेव्ह मिळून सहा सेमिब्रेव्ह होतात, आणि तेच पूर्ण ब्रेव्ह समजले तर नऊ भरतात. हस्तलिखितात मागच्या बाजूची शाई झिरपल्याने पोकळ स्वर भरलेला दिसण्याचा धोकाही असतो. अशा वेळी शेजारचे स्वर पाहून निर्णय घ्यावा. द्विमात्रिक विभागात काळा सेमिब्रेव्ह आणि त्यापाठोपाठ काळा मिनिम अशी जोडी आली तर ती बहुधा ठिपक्याचा मिनिम आणि सेमिमिनिम अशीच वाचतात.

काळे स्वर नसतील, तर संपूर्ण ब्रेव्हांच्या पटीतला फरक जवळजवळ नेहमी विरामांचा असतो. विरामाची उभी रेघ स्टाफच्या (पाच आडव्या रेघांच्या) एका घरात असेल तर ब्रेव्हचा विराम, दोन घरे व्यापत असेल तर दोन ब्रेव्हांचा, हे छापील पानाच्या निकृष्ट छायाचित्रात नजरेतून सुटते. विराम दुसऱ्या स्वराचे मूल्य घटवू शकतो, पण स्वतः घटत नाही आणि दुप्पटही होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

बेरजा जुळल्या म्हणजे काम संपले असे मात्र नाही. एक चूक एकाने वाढवते, दुसरी एकाने घटवते, आणि दोन्ही मिळून शेवट बरोबर येतो. मधला सगळा भाग मात्र सरकलेला राहतो. माझ्या मते गायनप्रतीतील सर्वांत घातक चूक हीच, कारण मोजणीत ती सापडत नाही आणि गायकवृंदाला वाटते की रचनाच अवघड आहे.

मग माग काढणे

दडलेली चूक पकडण्यासाठी त्या काळच्या विसंवादाच्या शिस्तीचा उपयोग होतो. पालेस्त्रिना आणि स्पॅनिश रचनाकार व्हिक्टोरिया यांच्या लेखनात ठळक मात्रेवरचा विसंवाद आधीपासून धरून ठेवलेल्या स्वराचा असतो आणि तो एक पायरी खाली उतरून सुटतो. इतर विसंवाद हलक्या मात्रेवर, जाता जाता येतात. म्हणून जेथे ठळक मात्रेवर अचानक विसंवाद उडी मारून येतो तेथे खूण करावी, त्याच्या मागचा शेवटचा निर्दोष केडेन्स शोधावा, आणि या दोन जागांमधले प्रत्येक मूल्य पुन्हा मूळ प्रतीशी ताडून पाहावे. या पट्ट्यातच चूक असते. नक्कल करणारा आवाज असेल तर तोच विषय दुसऱ्या आवाजात कोणत्या मूल्यांनी लिहिला आहे हे पाहणे हा सर्वांत लवकर निकाल देणारा उपाय होय.

स्वर एका तिसऱ्या अंतराने वर किंवा खाली सरकल्यासारखे वाटत असतील तर ओळीच्या शेवटी असलेली कुस्तोस ही लहानशी खूण पाहावी. पुढच्या ओळीचा पहिला स्वर कोणता, हे ती सांगते. ती आणि पुढचा स्वर जुळत नसतील तर एक तर ओळ बदलताना क्लेफ (कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे ठरवणारे चिन्ह) बदलला आहे, किंवा छापणाऱ्याची चूक आहे.

सर्व आवाजांना एकच कालचिन्ह आहे असे गृहीतही धरू नये. त्याआधीच्या पिढीतील रचनाकार जोस्काँच्या, सप्तकातील क्रमागत स्वरांवर रचलेल्या 'लोम आर्मे' (या गाण्याच्या चालीवरील) मिस्सेत, जी पेत्रुच्चीने १५०२ मध्ये व्हेनिसमध्ये छापली, दुसऱ्या आञ्ञुस देईमध्ये एकाच ओळीतून तीन आवाज तीन वेगळ्या कालचिन्हांनी गातात. एवढे टोकाचे प्रकरण रोज समोर येत नाही, पण जुन्या पिढीच्या मिस्सांत एखाद्या आवाजाचे चिन्ह निराळे असणे नवलाचे नाही, आणि ते न पाहिल्यामुळे तासन् तास वाया जातात.

जुन्या समग्र आवृत्त्या ताडून पाहण्यासाठी चांगल्या आहेत. लायप्झिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टलने १८६२ ते १९०७ या काळात पालेस्त्रिनाचे समग्र संगीत प्रसिद्ध केले, आणि पेद्रेलने संपादित केलेले व्हिक्टोरियाचे खंड १९०२ ते १९१३ मध्ये निघाले. या आवृत्त्या स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे आज विनामूल्य मिळणाऱ्या पुष्कळ गायनप्रती त्यांच्यावरूनच उतरवलेल्या असतात. म्हणजेच तीन वेगळ्या प्रतींत एकच पाठ सापडला तरी त्या तीन स्वतंत्र साक्षी आहेत असे मानता येत नाही.

लय बदलताना

स्वर जुळूनही त्रिमात्रिक विभागात शिरताना गायकवृंद अडखळत असेल, तर दोष बहुधा लयीच्या सूचनेचा असतो. दोनांच्या जागी तीन बसवायचे, हे हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या वाचकाला दीडपटीच्या आडी लयीवरून चटकन उमगेल. गोंधळ होतो तो आधुनिक मूल्यांमुळे. समजा द्विमात्रिक भागातील मूल्ये आपण निम्मी केली, तर मूळ सेमिब्रेव्ह दोन क्रॉचेटांचा (क्रॉचेट म्हणजे आजच्या लिपीत सहसा एका मात्रेचा स्वर) झाला. त्रिमात्रिक भाग पाव मूल्यांत लिहिला, तर तेथे तोच सेमिब्रेव्ह एका क्रॉचेटचा झाला. दोन सेमिब्रेव्हांच्या जागी तीन, असे प्रमाण असेल तर आधीचे चार क्रॉचेट आणि नंतरचे तीन क्रॉचेट यांना सारखाच वेळ लागतो. एकाच्या जागी तीन असतील तर आधीचे दोन आणि नंतरचे तीन समान होतात. हे समीकरण त्या बारच्या डोक्यावर छापलेच पाहिजे, नाहीतर प्रत्येक संचालक आपापली लय धरतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिन्हांचा वापर सैल झाला होता, त्यामुळे यांपैकी कोणते प्रमाण घ्यावे हा अनेकदा संपादकाचा निर्णय असतो. तसे असेल तर समीकरण चौकटी कंसात द्यावे.

शार्प, फ्लॅट आणि न लिहिलेले स्वर

येथे दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळतात. पहिला अगदी यांत्रिक आहे: मूळ प्रतीत शार्प (अर्धा स्वर वर) किंवा फ्लॅट (अर्धा स्वर खाली) त्या एका स्वरापुरता असतो, पण आपण बारलाइन घातल्या की आधुनिक नियमाने तो बार संपेपर्यंत चालतो. म्हणून त्याच बारमध्ये तोच स्वर पुन्हा शुद्ध येत असेल तर नॅचरलचे चिन्ह स्वतःहून घालावे लागते. ते राहिले तर तालमीत दर वेळी त्याच जागी तोच आवाज चुकतो आणि दोष गायकाच्या माथी बसतो.

दुसरा दोष विचारपूर्वक हाताळावा लागतो. केडेन्सला सहावे अंतर उघडून आठव्यावर जाते तेव्हा वर चढणारा स्वर अर्ध्या स्वरावर आणावा, हे गायक न लिहिता करीत. अशी चिन्हे संपादकाने लहान अक्षरांत स्वराच्या वर द्यावीत, आणि मूळ चिन्हे मात्र स्वराच्या डावीकडेच ठेवावीत. पण ज्या केडेन्समध्ये खालचा आवाजच अर्ध्या स्वराने उतरतो, उदाहरणार्थ फा वरून मी वर येतो, तेथे वरच्या आवाजाला शार्प देऊ नये. प्रत्येक केडेन्सला सरसकट शार्प टाकण्याची सवय आजच्या मेजर-मायनरच्या शिक्षणातून येते आणि ती मोडावी लागते. गोव्यात सोल्फेजिओ शिकलेल्या गायकांची जीभ सात नावांना सरावलेली असते, तर त्या काळच्या गायकाकडे उत, रे, मी, फा, सोल, ला ही सहाच नावे होती. 'ला'च्या वर एकच स्वर जाऊन परत यायचे असेल तर तो 'फा' म्हणजे अर्ध्या स्वरावरचा घ्यावा, हा नियम त्या सहा नावांच्या पद्धतीतूनच समजतो.

एका आवाजात शार्प आणि त्याच वेळी दुसऱ्यात तोच स्वर शुद्ध आला तर आधी पाहावे की रचनाकार कोण आहे. पालेस्त्रिनाच्या लेखनात संपादकाचा शार्प मागे घ्यावा. इंग्रज रचनाकार बर्डच्या तीन, चार आणि पाच आवाजांच्या मिस्सांत, ज्या १५९० च्या दशकात शीर्षकपानाविना छापल्या गेल्या, अशी टक्कर मूळ प्रतीतच लिहिलेली असेल तर ती इंग्रजी शैलीचा भाग मानून तशीच ठेवावी. ती 'दुरुस्त' केलेल्या प्रती मी पाहिल्या आहेत, आणि त्या फिक्या वाटतात.

शब्दांची मांडणी

ग्लोरिया आणि क्रेदो यांचे पाठ लांब असल्याने तेथे स्वर आणि अक्षरे बहुतांशी जोडीने चालतात. अडचण किरिए, सांक्तुस आणि आञ्ञुस यांची. तेथे मूळ प्रतीत कधी ओळीच्या आरंभी 'किरिए' एवढाच शब्द असतो, कधी पुनरावृत्तीची 'ij' अशी खूण, आणि बाकीचे गायकावर सोडलेले. संगीतशास्त्रज्ञ त्सार्लिनोने १५५८ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यासाठी नियम दिले आहेत, आणि त्यांपैकी चार रोजच्या कामाला पुरतात: एका जोडचिन्हाला (दोन किंवा अधिक स्वर जोडून लिहिलेल्या चिन्हाला) एकच अक्षर, सेमिमिनिम आणि त्याहून लहान स्वरावर सहसा नवे अक्षर नाही, अशा लहान स्वरांच्या लगेच पुढच्या स्वरावरही नाही, आणि शेवटचे अक्षर शेवटच्या स्वरावर. म्हणूनच जोडचिन्हांच्या जागा आधुनिक प्रतीत वरच्या चौकटी कंसाने दाखवणे हा केवळ पांडित्याचा भाग नसतो. पुढे कोणाला शब्द हलवावेसे वाटले तर त्याला तेच प्रमाण असते.

'किरिए एलेइसोन'ची अक्षरे सात धरता येतात, 'एलेइ' जोडून घेतल्यास सहा, आणि 'किरिए'चा शेवट पुढच्या 'ए'त मिसळल्यास पाच. तीनही मांडण्या त्या काळाला धरून आहेत. पण एकाच विषयाची नक्कल करणाऱ्या चार आवाजांत चार मांडण्या झाल्या तर व्यंजने चार वेळा ऐकू येतात आणि संचालक तालमीत पेन्सिलीने तुमची प्रत पुन्हा लिहितो. विषयाच्या पहिल्या प्रवेशाला जी मांडणी ठरेल तीच बाकी आवाजांना शक्य तेथे लावावी, आणि संपादकाने घातलेले शब्द तिरक्या अक्षरांत ठेवावेत.

पट्टी आणि सुरुवातीचा सूर

सोप्रानो सतत वरच्या टोकाला आणि बास फारसा खाली जातच नाही अशी तक्रार आली तर मूळ क्लेफ पाहावेत. पालेस्त्रिनाची पोप मार्चेल्लोच्या नावाची मिस्सा, जी १५६७ च्या दुसऱ्या पुस्तकात छापली गेली, उंच क्लेफच्या संचात लिहिली आहे. असे लेखन खाली उतरवून गाण्याची प्रथा होती. जर्मन संगीतज्ञ प्रेटोरियसने १६१९ मध्ये सांगितले की सुरुवातीला फ्लॅट असेल तर चौथ्याने आणि नसेल तर पाचव्याने उतरवावे, मात्र काही मोडमध्ये (त्या काळच्या स्वरपंक्तींत) पाचव्याऐवजी चौथेच बरे वाटते. मुंबई, वसई किंवा पणजीच्या मिश्र गायकवृंदाला पूर्ण चौथ्याने उतरवलेली प्रत अल्टोसाठी फार खोल जाऊ शकते, तेव्हा एक स्वर किंवा तिसऱ्याने उतरवणेही व्यवहार्य ठरते. कोणतीही पट्टी निवडली तरी प्रत्येक आवाजाच्या आधी मूळ क्लेफ, मूळ कालचिन्ह आणि पहिला स्वर दाखवणारा छोटा स्टाफ द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याला आपण काय बदलले ते दिसते.

शेवटी ग्लोरिया आणि क्रेदोविषयी येणारा प्रश्न: पहिले शब्द गहाळ कसे? ते गहाळ नाहीत. 'ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ' आणि 'क्रेदो इन उनुम देउम' ही वाक्ये धर्मगुरू ग्रेगोरियन सुरात उच्चारत, म्हणून बहुस्वरी भाग 'एत इन तेर्रा पाक्स' आणि 'पात्रेम ओम्निपोतेन्तेम' यांपासून सुरू होतो. गहाळ शब्द आहेत असे समजून ते पहिल्या स्वरांखाली कोंबले की पुढची सगळी अक्षरे सरकतात. मोडला जुळणारा ग्रेगोरियन सूर संपादकाने सुरुवातीला बारलाइनविना, दांडी नसलेल्या, नुसत्या डोक्याच्या स्वरांत द्यावा. आणि मिस्सा उतरवून छापली असेल तर हा सूरही तेवढ्याच अंतराने उतरवावा.